वळणावरचं दवर्णं

चुन्याचा वास आला की मला रविवार आठवतो, मग वार कुठलाही असो. परवा डिचोलीला बसमधून उतरले, शैलाच्या स्कूटरवर मागे बसले आणि सुर्ल्याच्या अंगाने जाणाऱ्या जुन्या रस्त्याला लागताच तो वास नाकात शिरला. कडेच्या मैलाच्या दगडाला कुणीतरी नुकताच चुना लावला होता. "थांबव, थांबव!" म्हणून मी ओरडले. "अगो, पडशील! सावकाश उतर," शैला म्हणाली. मी उतरले, दगडाला बोट लावलं आणि भर रस्त्यात ते बोट हुंगत उभी राहिले. पन्नाशीला टेकलेली बाई, काय हे सोंग! शैला हसत सुटली.

शैला माझी शाळेपासूनची मैत्रीण, आमच्या शाळेतल्या गुरुजींची मुलगी. आता बँकेतून मुदतीआधीच निवृत्त झाली आहे आणि गावातली दहाबारा पोरं-पोरी गोळा करून या रस्त्याच्या जुन्या खुणा सांभाळते आहे. मैलाचे दगड, वडाचा पार, पायऱ्यांची विहीर. आमच्या वडिलांनी केलं तेच पुन्हा. फरक एवढाच की यांच्या हातात मोबाइल आहेत आणि चुना आयता डब्यात मिळतो.

हा रस्ता लहान दिसतो, पण त्याचं वय मोठं. पेडण्याच्या आगरांतलं मीठ डिचोलीवरून वाळपईकडे आणि तिथून घाटावर जायचं ते याच वाटेने. बैलांच्या पाठीवरून आणि माणसांच्या डोक्यावरून. उतरताना मिरची यायची, गूळ यायचा. हे आम्हाला गुरुजींनी सांगितलं, वर्गात नव्हे, चुना लावता लावता. गुरुजी वर्गात कडक होते, वर्गाबाहेर मात्र त्यांच्याइतका गप्पिष्ट माणूस नव्हता.

दसरा झाला की त्यांचे रविवार सुरू होत. गुरुजी, आमचे बाबा, कायतान पोदेर आणि आणखी चारपाच जण. मंडळ नाही, अध्यक्ष नाही, हारतुरे तर नाहीतच. शनिवारी संध्याकाळी पिंपात कळीचा चुना भिजायचा, तो खदखदायचा, आणि आम्ही पोरी त्याच्या वाफेवर हात धरून ओरडा खायचो. सकाळी त्यात चिमूटभर नीळ आणि भिजवलेला डिंक पडे. कुंचला म्हणजे केवड्याच्या पारंबीचा ठेचलेला तुकडा. कायतान भल्या पहाटे गावभर पाव टाकून सायकलवरून थेट तिथेच यायचा, टोपलीच्या तळाशी आमच्यासाठी गरम उंडे, म्हणजे गोल पाव, राखून. चुन्याचे हात फडक्याला पुसून आम्ही ते उंडे खायचो. चव अर्थातच चुन्याची. अजून मला बेकरीतला पाव अळणी वाटतो तो त्यामुळेच असावा.

बाबा मूळचे दोडामार्गाकडचे. खनिजाच्या ट्रकावर ड्रायव्हर म्हणून इकडे आले आणि इकडचेच झाले. दिवसभर लाल मातीत गाडी हाकायची आणि सुट्टीच्या दिवशी पुन्हा त्याच रस्त्यावर बसून दगड घासायचे, हे आईला कधी पटलं नाही. "सहा दिवस रस्तो पुरत नाय म्हणान सातव्या दिवशी पण तोच," ती म्हणायची. बाबा म्हणायचे, "ह्या रस्त्याचा खातंय, तर ह्या रस्त्याचा करूक नको?"  आई तव्यावरची भाकरी जरा जोरात उलटायची.

या सगळ्या खुणांमध्ये बाबांचा जीव एकाच गोष्टीवर होता. आमच्या घराअलीकडच्या वळणावरचं दवर्णं. चिऱ्याचे दोन खांब आणि त्यांवर आडवी टाकलेली काळी शिळा, उंची बरोबर माणसाच्या डोक्याएवढी. डोक्यावर ओझं घेऊन एकटा चालणारा माणूस दमला तर ओझं उतरवणार कसा? खाली ठेवायला आणि पुन्हा उचलून द्यायला दुसरं कुणी लागतं. दवर्ण्यापाशी कुणी लागत नाही. मान जराशी पुढे केली की ओझं शिळेवर सरकतं, आणि निघताना तसंच परत डोक्यावर घेता येतं. दवरणं म्हणजे ठेवणं, म्हणून ते दवर्णं.

त्याची एक रीत होती. ओझं पुन्हा उचललं की शिळेवर एक हिरवं पान ठेवायचं. कसलंही चालेल, कुड्याचं, आंब्याचं. शिळा रिकामी सोडायची नाही, एवढंच. आमच्या वेळी ओझी वाहणारे जवळजवळ संपले होते, बाजाराला जाणाऱ्या दोनचार बायका तेवढ्या उरल्या होत्या. पण पान मात्र रोज कुणी ना कुणी ठेवलेलं असे. बाबा मला खांद्यावर घेत आणि मी पान ठेवी. वरून पाहिलं की शिळेच्या मधोमध एक खळगा दिसायचा, बेताच्या वाटीएवढा. गुरुजी म्हणत, वर्षानुवर्षं मिठाच्या टोपल्या तिथे ठिबकल्या, त्या मिठाने शिळा खाल्ली. पावसाळ्यात त्यात पाणी साठे आणि बुलबुल येऊन पीत. खारट लागत असेल का त्यांना, असा मला तेव्हा प्रश्न पडायचा.

बाबांची आणखी एक सवय होती. रिकामी गाडी घेऊन परतताना वळणावर आले की ते दवर्ण्याला एक हॉर्न देत. एकच, आखूड. ड्रायव्हर लोक देवळाला देतात ना, तसा. तो हॉर्न आमच्या घरात ऐकू यायचा आणि आई तिथल्या तिथे चुलीवर चहाचं आधण ठेवायची. बाबा गाडी लावून, पाय धुऊन आत येईपर्यंत कपात चहा पडलेला असे. दोघांमध्ये याविषयी कधी बोलणं झालेलं मी ऐकलं नाही. पण त्या हॉर्नने आमच्या घरातलं घड्याळ चालायचं.

मग ते वर्ष आलं. भाषेचं भांडण नुकतंच विझत होतं आणि घटक राज्य होणार म्हणून सगळीकडे बोलणी चालली होती. भिंत दिसली की कुणीतरी तिच्यावर मराठीचं लिही, दुसरा येऊन कोंकणीचं लिही. गुरुजी पक्के मराठीवाले, कायतान कट्टर कोंकणीवाला. आठवडाभर चहाच्या गाड्यावर दोघांची जुंपायची. "गुरुजी, तुमी उलयता ती खंयची भास रे?" तुम्ही बोलता ती भाषा कुठली, असं कायतान डिवचायचा. गुरुजी संतापून त्याला उत्तर द्यायचे, तेही अस्सल कोंकणीतून! रविवारी मात्र दोघं एकाच पिंपातला चुना घेऊन शेजारी शेजारी उकिडवे बसत. मैलाच्या दगडावर नुसता आकडा होता आणि आकड्याला कुणाचीच हरकत नव्हती. त्या वर्षी बाजारात चुनाच मिळेना, सगळा भिंतींवर गेला म्हणून बाबा वैतागले होते. ते आठवलं की मला अजून हसू येतं.

त्याच वर्षी रस्ता रुंद करायला घेतला. पिवळं मशीन वळणापाशी उभं राहिलं. गुरुजींनी अर्ज केले, हेलपाटे घातले, आणि दवर्ण्याला हात लावणार नाही असं बांधकाम खात्याच्या साहेबाकडून लिहून घेतलं. तो कागद त्यांनी सगळ्यांना वाचून दाखवला. वाचताना त्यांचा आवाज कापत होता. शैला माझ्या कानात म्हणाली, "आमचे बाबा लग्नात पण इतके खूश नसतील झाले."

त्यानंतर चारच दिवसांनी ते झालं. मी शाळेतून घरी येत होते. बाबांची रिकामी गाडी मागून आली आणि त्यांनी मला केबिनमध्ये घेतलं. दिवेलागण व्हायची होती. वळणावर समोरून भरलेली गाडी आली. रस्ता उकरलेला, जागा नाही. बाबांनी गाडी मागे घेतली. मागे घेताना त्यांचं लक्ष त्या भरलेल्या गाडीकडे होतं, आणि माझं दप्तरातल्या चिंचांकडे. आधी नुसता धक्का बसला. मग मागे चिरे घरंगळल्याचा आवाज आला.

बाबा उतरले. मी खिडकीतून पाहिलं. लाल धुरळा होता आणि धुरळ्यात ती शिळा पालथी पडलेली. बाबा तिच्याजवळ गेलेच नाहीत. परत येऊन बसले.  "बाय," ते म्हणाले, "कोणाक सांगू नको. सकाळी मीच गुरुजींक सांगतंय, सगळे मिळान उभा करूया." मी मान हलवली. त्या दिवशी हॉर्न वाजला नाही.

सकाळी सातला बाबा गाडी घेऊन गेले तेव्हा तिथे शिळा नव्हती. चिऱ्याचा लाल चुरा तेवढा होता आणि त्यावरून भरलेल्या गाड्यांची चाकं गेलेली. पहाटेपासून गाड्या सुरू व्हायच्या. बाबा एकच समजले, शिळेचाही चुरा झाला. पडलेली उभी करता आली असती. चुरा कसा उभा करणार?

आणि मग त्यांना बोलताच आलं नाही. कारण तोवर गुरुजी तिथे पोचले होते आणि साऱ्या गावाने मशीनवाल्याला दोषी ठरवलं होतं. तो मशीनवाला घाटापलीकडचा, दुसरीच भाषा बोलणारा एक सडपातळ माणूस होता, त्याला धड आमची मराठीही कळेना नि कोंकणीही. गुरुजींनी साहेबाचा कागद त्याच्या तोंडासमोर नाचवला. तो हात जोडून "मी नाही, मी नाही" एवढंच म्हणत होता. बाबा चार पावलांवर उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मग यासाठी भरलेल्या गावच्या सभेत बोलताना गुरुजी मध्येच थांबले आणि सगळ्यांच्या देखत रडले. शैला घरी जाऊन रडली. मी तिच्याशेजारी बसले होते आणि माझ्या पोटात सगळं होतं. मैत्रिणीपासून काही लपवणं म्हणजे काय ते मला दहाव्या वर्षीच कळलं, आणि त्याची मला आजवर लाज वाटत आली आहे.

रस्ता पुरा होईपर्यंत बाबा रोज सकाळी त्या मशीनवाल्याला दोन उंडे आणि चहा नेऊन द्यायचे. लोकांना वाटे, काय मनाचा मोठेपणा! रविवारची कामं त्यांनी सोडली नाहीत, उलट सगळ्यांआधी जाऊन बसायचे. पण पान ठेवणं संपलं, आणि हॉर्नही संपला. आई म्हणायची, "हल्ली कधी येतास ता कळणा नाय. चाय निवान जाता." बाबा म्हणायचे, "हॉर्न बिघाडलो." एक हॉर्न इतकी वर्षं बिघडलेला राहतो का? पण आईने पुन्हा विचारलं नाही.

त्यानंतरची माझी वर्षं ओढ्यावरची. वळणाखाली उताराची पायवाट होती आणि तळाशी ओढा. तो बायकांचा पाणवठा, तिथे पुरुष उतरत नसत, अगदी वाट चुकलेला कुणी आला तरी वरूनच खाकरायचा. पहाटेच्या धुक्यात बांगड्यांचा आवाज, पिळलेल्या लुगड्यांचा वास, सासवांच्या चहाड्या. धुण्याला एक मोठी सपाट काळी धोंड होती, निम्मी पाण्यात, निम्मी वर. शाळेचा गणवेश मी तिच्यावर आपटला, कॉलेजचे ड्रेस आपटले, लग्न ठरलं तेव्हा देण्याघेण्याच्या चादरीसुद्धा तिच्यावरच धुतल्या. त्या धोंडीविषयी बायकांची एकच तक्रार असे. "मेल्या धोंडीर साबण फेसाळणा नाय!" शेजारची शेवंतामावशी म्हणायची. मग आई आणि ती एकमेकींकडे बघून गालात हसायच्या. मला वाटायचं, आहे काहीतरी त्यांचं बायकी.

लग्न होऊन मी कोल्हापूरला गेले. मागे गावात नळ आला, पाणवठा ओस पडला. गुरुजी गेले, कायतान गेला, शेवंतामावशी गेली. खाणी बंद पडल्या आणि इतक्या वर्षांची गाड्यांची घरघर एका दिवसात थांबली. आई म्हणाली, पहिले आठ दिवस झोपच आली नाही, इतकं शांत. जुन्या रविवारवाल्यांपैकी एकटे बाबा उरले.

म्हणून शैलाने त्यांना बोलावलं होतं. वळणावर पुन्हा दवर्णं उभं राहणार होतं. चिऱ्याचे खांब बांधून झाले होते आणि दगडाच्या खाणीतून नवीन शिळा आणून ठेवली होती. रविवारी सकाळी ती चढवायची आणि पहिलं पान बाबांनी ठेवायचं. शैलाने हे मला फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज गुरुजींसारखाच कापत होता. दुसऱ्या दिवशी आईचा फोन. "तुझ्या बापाशीक काय झालाहा? जेवणत नाय, बोलणत नाय." मला काय झालंय ते माहीत होतं. मी बॅग भरली.

शनिवारी संध्याकाळी अंगणात बाबा मला म्हणाले, "उद्या सगळ्यांसमोर सांगतंय."

"आता कशाला बाबा? गुरुजी नाहीत, कुणाला काय फरक पडतो?"

"म्हणानच. तेंका सांगूक जमला नाय. तेंच्या चेडवाक, शैलाक तरी सांगतंय. मी मोडलेल्या जागेर मीच पान ठेवू? हात तरी उचलतलो काय माझो?"

मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू! बाबांना लोक काय म्हणतील याची भीती होतीच, पण त्याहून जास्त मला शैलाच्या चेहऱ्याची भीती होती. मीही तेवढीच वर्षं गप्प बसले होते.

"आधी तुझ्या आयेक सांगूक व्हया," बाबा म्हणाले. "तिका पण ठावक नाय."

रविवारी सकाळी आई स्वयंपाकघरात उंडे कापत होती. पातळभाजीला उकळी आली होती. बाबा दारात येऊन उभे राहिले, बसले नाहीत.

"ऐक गो. ता दवर्णां मशीनान पाडूक नाय. मी पाडलंय. माझ्या गाडीन. बाय होती गाडीत."

आईने सुरी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

"आणि ही गजाल तुमी माका आज सांगतास?"

"सांगूक धीर झालो नाय. नुसता पडलेला असता तर उभा केला असता. सकाळी बघतंय तर शिळेचो पण चुरो झालेलो."

"चुरो कोणी बघल्यान?"

"मी बघलंय. चुरोच होतो थंय."

आई उठली आणि खिडकीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. मी पुढे होऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला तर बाई हसत होती! हसता हसता डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"अगो बाय माझे! शिरा पडो माझ्या तोंडार!" ती बाबांकडे वळली. "चुरो खांबांचो होतो. शिळा खंय मोडली? शिळा आमी न्हेली. मी आणि शेवंतान. पहाटे धुण्याक जाताना बघलाव, पालथी पडलेली. मशीनान पाडला म्हणान समाजलाव. पहार घातली आणि उतारान सोडली खाली. धुण्याक धोंड नव्हतीच धड."

बाबा खाली बसले. जमिनीवरच बसले.

"आणि सांगूक नाय?" मी ओरडलेच. "गुरुजी रडले, आई! सगळं गाव हळहळत होतं!"

"म्हणान तर सांगूक जमला नाय! इतको शिकलेलो माणूस रडता, आणि आमी काय तोंडान सांगतलाव, की गुरुजी, तुमची शिळा आमच्या साबणाखाली आसा? आज सांगूया, उद्या सांगूया, आणि मगे ऱ्हवलाच." ती जराशी थांबली. "पण तुमका बोच लागलीहा ह्या ठावक असता, तर त्याच दिवशी सांगलंय असता हो. देवाशपथ."

एका घरात, एका चुलीभोवती, एकच शिळा तिघांनी एकमेकांपासून लपवली होती. बाबा ती मेली म्हणून सुतक धरून बसले होते, आणि त्यांचेच शर्ट आई रोज तिच्यावर धूत होती. मला हसावं की रडावं कळेना. शेवटी मीही जमिनीवर बसले.

मी शैलाला फोन केला. काय बोलले ते आठवत नाही, पण ती आणि तिची सगळी पलटण पंधरा मिनिटांत ओढ्यावर हजर. जागा ओळखू येत नव्हती. केवडा माजलेला, गाळ भरलेला. आई काठी टेकत पुढे झाली आणि नेमकी एका जागी थांबली. "हय खणा." पोरांनी गाळ ओढला. काळी पाठ दिसली, माझ्या ओळखीची, गुळगुळीत. पहारी घातल्या, दोरी घातली आणि सातआठ जणांनी ती उलटी केली. तळाचा भाग वर आला. सगळा चिखल. आईने तांब्याने पाणी ओतलं, चिखल निघून गेला, आणि पाणी एका जागी राहिलं. वाटीएवढ्या खळग्यात.

बाबा पाण्यात उतरले. त्यांनी त्या खळग्यात बोट घातलं आणि चक्क चाखलं.

"खारट आसा?" आईने विचारलं.

"नाय."

"मगे माझो साबण कित्याक फेसाळत नव्हतो?"

"तुझो साबणच तसलो," बाबा म्हणाले, आणि इतक्या वर्षांत मी त्यांना असं पोटातून हसताना बघितलं नव्हतं.

मग ते तिथेच, गुडघाभर पाण्यात उभे राहून शैलाला सगळं बोलले. ट्रक, धक्का, मशीनवाला, सगळं. मीही बोलले, मला ठाऊक होतं म्हणून. शैला ऐकत राहिली.  

"आमचे बाबा असते तर तुम्हाला पाणउतारा करून करून हैराण केलं असतं," ती अखेर म्हणाली. "आणि मग स्वतःच पहिली पहार घेऊन खाली उतरले असते." तिने डोळे पुसले, माझ्याकडे वळली आणि माझ्या दंडाला असा करकचून चिमटा काढला की निळा डाग अजून आहे. "हे तुला. इतकी वर्षं गप्प बसल्याबद्दल." मग आईकडे बघून, "आणि मावशी, तुमच्यावर तर केसच घालायला हवी!"

मला इतकं हलकं वाटलं की मी सगळ्यांसमोर शैलाच्या गळ्यात पडून रडले.

नवी शिळा बाजूला ठेवली. जुनी दोरांनी वर ओढता ओढता दुपार कलली, ती खांबांवर चढली तेव्हा उन्हं तिरपी झाली होती. आई मध्येच घरी गेली, तिला म्हणे कामं होती. रीत अशी की दवर्ण्यावर आधी ओझं उतरायला हवं, मग पान. शैलाने पेडण्याच्या आगरातलं मीठ आणवलं होतं. बाबांनी ती टोपली डोक्यावर घेतली आणि हात नको म्हणाले. त्यांची मान थरथरत होती. ते चालत वळणापर्यंत आले, शिळेला कपाळ भिडवलं, आणि टोपली आपसूक सरकून शिळेवर बसली. बाबा मागे झाले आणि त्यांनी मान सरळ केली.

थोड्या वेळाने टोपली परत डोक्यावर घेऊन त्यांनी शिळेवर एक पान ठेवलं, कुड्याचं. मग खिशातून दुसरं काढून त्याच्या शेजारी ठेवलं.

"ह्या कोणाचा?" मी विचारलं.

"त्या मशीनवाल्याचा," बाबा म्हणाले. "तेचा गाव पण विचारूक ऱ्हवला माझ्याकडना."

त्याच्यासाठी आता काही करता येणार नव्हतं. बाबांनी टोपली उतरवून पोरांच्या हाती दिली.

शैला म्हणाली, चला काका, घरापर्यंत सोडते. बाबा वळणाअलीकडे लावलेल्या तिच्या स्कूटरवर मागे बसले. मी पायी निघाले. स्कूटर वळणावर आली तसे बाबा काहीतरी म्हणाले आणि शैलाने वेग कमी केला. बाबांनी तिच्या खांद्यावरून हात पुढे घातला आणि हॉर्न दाबला. एकदाच, आखूड. ट्रकाचा नव्हे तो, स्कूटरचा, नुसतं पीं.

मी घरी पोचले तेव्हा बाबा पाय धुऊन ओटीवर बसत होते. आई आतून कपबशी घेऊन आली. चहाची वाफ निघत होती.

"इतक्या लवकर?" मी म्हणाले.

"ऐकलंय मी," आई म्हणाली.